तुम्ही विचारलंत म्हणून: तिथला कास्तकार आपल्यापेक्षा बरा आहे का?

उझबेकिस्तानातून परत आल्यापासून जो भेटतो तो हेच विचारतो. चहाच्या टपरीवर, जिनिंगच्या गेटावर गाडी लावून नंबरची वाट बघताना, लग्नाच्या पंगतीत, आणि आता व्हॉट्सॲपवर पण: "भाऊ, तिकडं पण कापूस पिकते म्हणतेत, मंग तिथला कास्तकार आपल्यापेक्षा बरा हाय का?" समरकंदचे निळे घुमट कसे दिसतात हे कोणी विचारत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी आपल्या राळेगाव तालुक्यात माणसाच्या डोक्यात कापसाशिवाय दुसरं काही नसते, त्यामुळे प्रश्न बरोबरच आहे. पण दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

जायचं कारण म्हणजे पुतणी समरकंदला एमबीबीएस करून राहिली. आपल्या भागातली बरीच पोरं आता तिकडं शिकायला जातात. तिनं फोनवर सांगितलं, मोठे बाबा, इथं चोहीकडं कापसाची पऱ्हाटीच आहे, तुम्ही एकदा येऊन बघाच. ई-व्हिसा काढला, दिल्लीहून तीनेक तासात ताश्कंद. यवतमाळहून पुण्याला जायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

ताश्कंदला पहिल्यांदा शास्त्रीजींच्या पुतळ्याकडं गेलो. तिथल्या एका रस्त्याला लालबहादूर शास्त्रींचं नाव आहे आणि तिथंच त्यांचा अर्धपुतळा. १० जानेवारी १९६६ ला पाकिस्तानसोबत करार झाला आणि ११ तारखेच्या पहाटे शास्त्रीजी तिथंच वारले, मग एप्रिलमध्ये मोठा भूकंप होऊन अर्धं शहर पडलं आणि सगळं नव्यानं बांधलं. जय जवान जय किसान म्हणणारा माणूस कापसाच्या देशात गेला ही गोष्ट मला तिथं उभं राहून फार लागली. बायकोनं फुलं वाहिली. मेट्रोत एका स्टेशनचं नावच पाख्ताकोर आहे, म्हणजे कापूस पिकवणारा, भिंतीवर कापसाचं नक्षीकाम. चहाच्या किटलीवर, कपबशीवर निळ्या रंगात बोंडं काढलेली, देशाच्या राजचिन्हात एका बाजूला गहू आणि एका बाजूला कापूस. आपण एवढी वर्षं कापूस पिकवतो पण कुठल्या सरकारी इमारतीवर बोंड कोरलेलं मी तरी पाहिलं नाही.

समरकंदच्या रस्त्यानं गाडीच्या खिडकीतून जे दिसलं ते मात्र पोटात कालवणारं होतं. पाणी. जिकडं बघाल तिकडं पाट, शेताच्या कडेनं पाट, गावातल्या रस्त्याच्या कडेनं पाट, घरासमोरच्या द्राक्षाच्या मांडवाखाली पाट, आणि वर आकाशात ढगाचा ठिपका नाही. उन्हाळ्यात तिथं पाऊस पडतच नाही म्हटलं तरी चालेल, जे पाणी आहे ते सगळं लांबच्या डोंगरातल्या बर्फाचं, नद्यांतून येणारं. मृग कोरडा गेला की आपल्या घरात जेवणावर कोणाचं मन नसते, आणि इथं पावसाचा हिशोबच नाही.

पुतणीच्या वर्गातल्या एका मुलीचं गाव समरकंदपासून तासाभरावर, तिच्या आजोबांच्या वावरात आम्ही गेलो. हा माणूस सोव्हिएत काळात सामूहिक शेतीवर मुकादम होता. वेचणी सुरू होती. पऱ्हाटी मांडीएवढी पण नाही, दाट पेरलेली, आणि झाडावर पानच नाही. वेचणीच्या आधी औषध मारून पानं गळवून टाकतात, मग नुसती काळी काडी आणि पांढरी बोंडं, कापसात पाला-काडी कमी येते. बायका कमरेला फडकं बांधून त्यात वेचत होत्या, अगदी आपल्या बायका ओटी बांधतात तसंच. माझी बायको न सांगता त्यांच्या ओळीत शिरली आणि दोन्ही हातांनी वेचायला लागली, तिचा हात बघून त्या बायांनी काम थांबवलं आणि हसत हसत काहीतरी म्हणाल्या, पुतणीनं सांगितलं की ह्या विचारतात ही बाई कुठल्या गावची.

आजोबांनी मला विचारलं, तुमच्याकडं कापसाला पाणी कोण देतं. मी म्हटलं पाऊस. त्यांना वाटलं पुतणीनं चुकीचं सांगितलं, त्यांनी परत विचारलं. मी हातानं वर आकाश दाखवलं. ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, "आणि नाही आला तर?" मी म्हटलं दुबार पेरणी. तरी नाही आला तर? मी काही बोललो नाही, त्यांनी पण परत विचारलं नाही, नुसता छातीवर हात ठेवला. तिकडं नमस्कार पण तसाच करतात, पण तेव्हा तो नमस्कार नव्हता.

मग त्यांनी त्यांचं सांगितलं. पाणी होतं, पण काय पेरायचं ते वरून ठरायचं. किती कापूस द्यायचा तो आकडा वरून, भाव वरून. वेचणीच्या दिवसात शाळा-कॉलेज बंद, पोरं वावरात, डॉक्टर-नर्स-मास्तर सगळे वावरात, त्यांची स्वतःची मुलगी दवाखान्यात नर्स, तिला दरवर्षी रजा टाकून नाही तर हुकमानं कापूस वेचायला जावं लागायचं. देश १९९१ ला स्वतंत्र झाला तरी हे चालूच राहिलं. या सक्तीमुळं जगातल्या मोठ्या कपड्याच्या कंपन्यांनी तिथल्या कापसावर बहिष्कार टाकला होता, सरकारनं २०२० पासून कापसाचा सरकारी कोटा बंद केला, आणि २०२१ च्या हंगामात सक्तीची पद्धत संपली असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं सांगितल्यावर २०२२ मध्ये बहिष्कार उठला. जमीन मात्र अजूनही सरकारची, कास्तकाराकडं ती करारानं. आपल्याकडं १९७२ पासून एकाधिकार खरेदी होती, जुन्या माणसांना आठवत असेल, कापूस सरकारलाच द्यायचा, चुकाऱ्यासाठी चकरा मारायच्या. पण काय पेरायचं हे तरी आपल्याला कोणी सांगत नव्हतं.

जेवायला घरात नेलं. अंगणात मातीची भट्टी, आणि त्यात जाळायला काय तर पऱ्हाट्या! वाळलेल्या पऱ्हाट्यांची गंजी कुंपणाला लावलेली, तोच धूर, तोच वास. भट्टीच्या आतल्या भिंतीला गोल रोटी चिकटवतात, मधे ठसा मारलेला, ती रोटी कधी पालथी ठेवायची नाही. भात गाजर-मटणाचा, सरकीच्या तेलातला. बायको माळकरी, तिच्यासाठी टोमॅटो-कांदा, रोटी, खरबूज, तिचं काही अडलं नाही, खरबूज तर असं की मी आयुष्यात खाल्लं नाही. चहा आधी कपात ओतून परत किटलीत टाकतात, असं तीनदा, मग पाहुण्याला.

एक गोष्ट मला तिथं गेल्यावर नीट जुळली. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस बंद झाला, इंग्रजांना गिरण्या चालवायच्या होत्या म्हणून वऱ्हाडच्या कापसाला भाव आला आणि पुढं रेल्वे, जिन, प्रेस सगळं आलं, यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे पण कापसासाठीच टाकली. त्याच काळात रशियाच्या गिरण्यांना पण अमेरिकेचा कापूस मिळेना, १८६५ ला रशियानं ताश्कंद घेतलं आणि पुढं तो सगळा मुलूख कापसाला जुंपला. म्हणजे त्या आजोबांचा पणजा आणि माझा पणजा एकाच कारणानं या पिकात अडकले, कापूस पिकवला इथं आणि कपडा विणला दुसऱ्यानं.

बहुतेक लोक समरकंद-बुखारा बघून परत येतात. आम्ही रात्रीच्या गाडीनं पश्चिमेकडच्या नुकूस शहरात गेलो आणि तिथून दोनशे किलोमीटर मोटारीनं मोयनाकला. हे मी कोणालाही सांगीन, जाल तर इथं गेल्याशिवाय येऊ नका. रस्त्यानं वावरांत पांढरं दिसत होतं, मला वाटलं कापूस सांडला, जवळ गेलो तर मीठ. वरचेवर पाणी देऊन जमिनीतलं मीठ वर आलेलं, आता ते धुवायला पेरणीच्या आधी परत पाणीच सोडतात. पुढं मोयनाक. हे बंदर होतं. अरल समुद्र १९६० मध्ये जगातला चौथ्या नंबरचा मोठा तलाव होता, मोयनाकला मासळीचे डबे भरायचा कारखाना होता. अमू दर्या आणि सीर दर्या या दोन नद्या त्याला पाणी द्यायच्या, ते पाणी कापसाच्या कालव्यांना वळवलं आणि समुद्र मागं मागं सरत गेला. आज पाणी शंभर किलोमीटरच्या पण पलीकडं आहे. जुन्या काठाखाली रेतीत लोखंडी जहाजं उभी आहेत, गंजून पत्र्याला हात लावला तर हातावर तांबडं येतं, पोटाला भोकं पडलेली, आणि चालताना पायाखाली शिंपले कुरकुरतात. शिंपल्यांच्या मधूनच झुडपं उगवलेली. वारा सुटला की तळातली खारट धूळ उडते, त्या धुळीत कापसावर फवारलेल्या औषधांचा अंश पण आहे आणि ती लोकांच्या छातीत जाते. उत्तरेला कझाकस्ताननं २००५ मध्ये बांध घालून आपल्या वाट्याचा छोटा तुकडा थोडा भरून आणला, मासे परत आले. उझबेकिस्तानच्या बाजूला आता रेती उडू नये म्हणून झुडपं लावून राहिले.

मी तिथं खूप वेळ बसलो. त्या आजोबांचा पाट आणि हे जहाज एकाच पाण्याचं आहे हे डोक्यातून जाईना.

आता तुमचा प्रश्न. पाण्याच्या बाबतीत तो कास्तकार आपल्यापेक्षा बरा आहे, शंभर टक्के, त्याला जूनमध्ये रात्रभर जागून ढग बघावे लागत नाहीत. आपल्या मर्जीच्या बाबतीत आपण त्याच्यापेक्षा बरे, आपलं सातबाऱ्यावर नाव आहे. पण कोणी म्हणतो ना, की बस पाणी आलं की आपलं सगळं जमलं, तिथं मी आता मान हलवत नाही. आपल्या बेंबळा धरणाच्या कालव्याचं पाणी ज्यांच्या वावरापर्यंत आलं त्यांना मी हेच सांगून राहिलो, मोकाट पाणी सोडू नका, आपली काळी जमीन पाणी मुरून चिबड व्हायला वेळ लागत नाही, सांगली-कोल्हापूरकडं उसाखालची किती जमीन खारवटली ते बघून या.

मला स्वतःला कोरडवाहू पऱ्हाटीसाठी दोन ओलीत पाहिजेत, एक पात्या-फुलं धरताना आणि एक बोंडं भरताना, ते पण ठिबकनं. एवढ्यासाठी ज्याला कोणाला तहसीलवर, कालव्याच्या ऑफिसात यायचं असंल त्यानं सांगा, मी येतो, आणि मोयनाकचे फोटो पण घेऊन येतो, साहेबांना दाखवायला.