भाजीत मिसळलेली गोळी

दारू सोडवायची असते एकाची आणि दवाखान्यात येते दुसरीच. बायको किंवा आई एकटी येते, दार लोटून घेते आणि हळू आवाजात विचारते, "डॉक्टर, त्यांना न कळता देता येईल असं काही आहे का?" एसटी स्टँडच्या भिंतींवरच्या जाहिरातीही हेच आश्वासन देतात: पेशंटच्या नकळत, चहा-भाजीतून, हमखास. वर्षानुवर्षं सोसलेल्या बाईने हा प्रश्न विचारला म्हणून तिच्यावर चिडायचं काहीच कारण नाही. तिला खरं उत्तर मात्र कारणांसकट मिळायला हवं. उत्तर "नाही" असंच आहे.

हा प्रश्न बहुतेक वेळा ज्या गोळीबद्दल असतो तिचं नाव डायसल्फिरॅम. दारू पोटात गेली की यकृत आधी तिचं ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याचं ॲसिटिक ॲसिड. ही दुसरी पायरी ज्या एन्झाइमच्या जोरावर होते ते एन्झाइम ही गोळी निकामी करते. मग ॲसिटाल्डिहाइड रक्तात साचतं. प्यायल्यावर १० ते ३० मिनिटांत चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडतं, डोकं ठणकतं, उलट्या सुरू होतात, रक्तदाब खाली येतो. तरण्या, धडधाकट माणसाचं यावर निभावतं. ज्याचं हृदय आधीच कमजोर आहे त्याचे ठोके बिघडू शकतात, झटका येऊ शकतो, जीव जाऊ शकतो. नेहमीचा डोस रोज २५० मिलिग्रॅम. शरीराला एन्झाइम नव्याने बनवावं लागतं, म्हणून शेवटच्या गोळीनंतरही १४ दिवसांपर्यंत ही प्रतिक्रिया येऊ शकते.

दारूची तलफ ही गोळी कमी करत नाही. काम करते ती भीती. "सकाळी गोळी घेतलीय, आता घोट घेतला तर खैर नाही" हा विचार संध्याकाळी सात वाजता बारच्या दारात माणसाला थांबवतो. हे नुसतं मत नाही, संशोधनातून पुढे आलेली गोष्ट आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ६०५ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला २५० मिलिग्रॅम डायसल्फिरॅम, दुसऱ्याला फक्त १ मिलिग्रॅम म्हणजे नावापुरतं, तिसऱ्याला जीवनसत्त्वाची गोळी. पहिल्या दोन गटांना आपल्याला डायसल्फिरॅम मिळतंय एवढं माहीत होतं, डोस माहीत नव्हता. वर्षभर पूर्ण कोरडे राहिलेल्यांच्या प्रमाणात तिन्ही गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. पुढे २०१४ मध्ये अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. ज्या चाचण्यांत माणसाला आपण काय घेतोय हे उघड माहीत होतं तिथे डायसल्फिरॅमचा फायदा स्पष्ट दिसला. ज्यांत गोळी खरी की खोटी हे झाकून ठेवलं होतं तिथे तो दिसला नाही.

आता भाजीत मिसळलेल्या गोळीकडे पुन्हा बघा. तिच्यातला जो भाग उपयोगी, ती जाणीव, तीच आपण काढून घेतली. उरला फक्त धोका.

घरात प्रत्यक्ष काय होतं? त्याला उलट्या होतात, छाती धडधडते. त्याला वाटतं माल भेसळीचा होता. तो गुत्ता बदलतो, ब्रँड बदलतो. किंवा तपासायला जातो आणि डॉक्टर पित्ताची नाहीतर हृदयाची औषधं सुरू करतात, कारण खरी गोष्ट त्यांना कोणी सांगितलेलीच नसते. शिवाय ही गोळी सुरू करण्याआधी किमान १२ तास, शक्यतो २४ तास, दारू पोटात गेलेली नसावी लागते. रोज पिणाऱ्याच्या जेवणात ती मिसळणारी व्यक्ती हे कसं सांभाळणार?

दारू न पितादेखील या गोळीचे दुष्परिणाम आहेत. सुस्ती, तोंडाला धातूसारखी चव, महिनोन्महिने घेतल्यास पायांना मुंग्या. क्वचित यकृताला गंभीर सूज येते, तीही बहुतेक पहिल्या दोन-तीन महिन्यांत. म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतर दोन आठवड्यांनी यकृताच्या रक्तचाचण्या करतात. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक पार गेलेली, असं दिसलं तर गोळी त्याच दिवशी बंद करून डॉक्टर गाठायचे. मनाचा गंभीर आजार आधीपासून असेल तर भ्रम वाढू शकतात. टीबीच्या कोर्समधलं आयसोनियाझिड सोबत असेल तर तोल जाणं, वागणं बदलणं असे प्रकार होतात. जुलाबावर सर्रास दिलं जाणारं मेट्रोनिडॅझोल सोबत घेतलं तर माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो. फिट्सवरच्या फेनिटॉइनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. आणि आपल्याकडे हमखास विसरली जाणारी गोष्ट: आसवं आणि अरिष्टं. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांत आंबवताना तयार झालेलं अल्कोहोल असतंच. खोकल्याच्या काही औषधांतही असतं. गोळी चालू असलेल्या माणसाने बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय घोट घेऊ नये. ज्याला गोळी चालू आहे हेच माहीत नाही, तो लेबल कशाला वाचेल?

उघडपणे दिली तर हीच गोळी चांगली चालते. मुंबईत शंभर पुरुषांवर वर्षभर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरच्या माणसाच्या देखरेखीखाली औषध दिलं होतं. डायसल्फिरॅम घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के दारूपासून दूर राहिले, तर नाल्ट्रेक्सोन हे दारू सोडवण्याचं दुसरं औषध घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के. हे आकडे सगळ्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत, कारण लक्ष ठेवणारं घर पाठीशी असलेलेच पुरुष यात होते. तलफ मात्र नाल्ट्रेक्सोनने जास्त कमी झाली. त्याचा डोस रोज ५० मिलिग्रॅम. सुरुवातीला मळमळ होते, जेवणानंतर घेतली तर कमी. ट्रामाडॉलसारखी अफूवर्गातली वेदनाशामकं चालू असतील तर नाल्ट्रेक्सोन चालत नाही. यकृत फारच खराब असेल तर अकॅम्प्रोसेट या तिसऱ्या औषधाचा विचार होतो. ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्तचाचणी, आधी बघावी लागते.

पण औषधाच्याही आधी माणूस पितो किती, हे मोजायला हवं. "रोज एक क्वार्टर" म्हणजे किती? १८० मिलिलिटर, ४२.८ टक्के अल्कोहोल. गुणाकार केला तर ७७ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, वजनाने सुमारे ६१ ग्रॅम. १० ग्रॅमचं एक माप धरलं तर सहा मापं. नाइन्टीची तीन. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली चार मापांची, म्हणजे "फक्त बिअर" पिणारा दोन बाटल्यांत क्वार्टरच्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही दहा प्रश्नांची प्रश्नावली याच हिशोबावर उभी आहे. गुण ० ते ४०. आठ किंवा जास्त म्हणजे धोका, वीस किंवा जास्त म्हणजे व्यसन जडलेलं असण्याची दाट शक्यता.

रोज भरपूर पिणाऱ्याने घाबरून एका दिवसात बंद केली, तर तोही धोकाच. सहा ते बारा तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम: भिंतीवर किडे दिसणं, दिवस-जागा न कळणं, ताप, नाडी पळणं. हा प्रकार जीवघेणा असतो. हे टाळायला क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या गोळ्या पाच ते सात दिवस उतरत्या डोसने देतात. यकृत खराब असेल तर लोराझेपॅम. या गोळ्यांवर दारू प्यायली तर श्वास मंदावतो, आणि कोर्स लांबला तर त्या गोळीचीच सवय लागते. म्हणून पुडकं घरच्या माणसाच्या ताब्यात असावं. पूर्वी कधी फिट आलेली असेल तर घरी प्रयोग नको, भरतीच करावं.

एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची. "अशक्तपणा आलाय, सलाईन लावा" म्हणून बाटली लटकते आणि तिच्यात ग्लुकोज असतं. बऱ्याच काळच्या पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१, जवळजवळ संपलेलं असतं. ग्लुकोज जाळायला उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते: गोंधळलेपण, डोळ्यांची विचित्र हालचाल, चालताना झोकांड्या. हे सगळं "उतरली नाही अजून" म्हणून सोडून दिलं जातं. थायमिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत द्यायला लागतं. साखर फारच खाली असेल तर मात्र थायमिनसाठी ग्लुकोज अडवून धरायचं नाही.

ज्यांचं पिणं या टोकाला गेलेलं नाही, त्यांच्यासाठी गोव्यात फार मोलाचं काम झालं. 'संगाथ' या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ऑडिटवर १२ ते १९ गुण असलेल्या ३७७ पुरुषांवर चाचणी केली. निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. समुपदेशक होते तिथलीच साधी माणसं, मानसोपचाराची पदवी नसलेली, प्रशिक्षण दिलेली. भेटी जास्तीत जास्त चार. आधी त्याच्या पिण्याचा हिशोब त्याच्यासमोर मांडायचा, मग मित्रांना नकार कसा द्यायचा, राग-चिंता आल्यावर काय करायचं याचा सराव, शेवटी पाय घसरलाच तर सावरायचं कसं. तीन महिन्यांनी नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत १८ टक्के, तर समुपदेशन मिळालेल्यांत ४२ टक्के त्याआधीचे दोन आठवडे दारूला शिवलेले नव्हते. जे पीत राहिले त्यांचं रोजचं प्रमाण मात्र फारसं घटलं नाही, हेही नोंदवायला हवं. आणि चाचणीत बायका नव्हत्या. त्यांच्या पिण्याबद्दल आपल्याकडे कोणी विचारतही नाही, याची खंत वाटते.

दारू सुटल्यावर पहिले काही आठवडे मन उदास असतंच, झोप उडते. बऱ्याच जणांची उदासी दोन ते चार आठवड्यांत आपोआप ओसरते, म्हणून त्यानंतर पुन्हा तपासून मग नैराश्याच्या गोळ्यांचं ठरवतात. आधीपासून नैराश्य असेल, किंवा मरणाचे विचार येत असतील तर अजिबात थांबायचं नाही. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

आणि नकळत गोळी आधीच दिली गेली असेल, तर आजपासून थांबवा. त्याला सांगा. हे अवघड आहे, भांडण होईल. भीती वाटत असेल तर डॉक्टरांसमोर सांगा. गेल्या १४ दिवसांत एकही गोळी पोटात गेली असेल आणि तो प्यायल्यावर लालबुंद होऊन कोसळला, छातीत दुखायला लागलं, तर लिंबूपाणी पाजत बसू नका. १०८ ला फोन करा, आडवं झोपवा, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच म्हणा: "यांना डायसल्फिरॅम दिलंय, शेवटची गोळी अमुक दिवशी, दारू अमुक वाजता." गोळ्यांचं पाकीट, किंवा पुडी असेल तर पुडी, सोबत न्या.