तुम्ही विचारलंत म्हणून: मी मिशन शक्तीच्या विरोधात आहे का?

सिंदेवाहीच्या बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, व्हॉट्सॲपवर, सगळीकडे हेच विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतो. नाही, विरोधात नाही. 27 मार्च 2019 ला या मिशनमध्ये आपण चाचणी म्हणून क्षेपणास्त्राने आपलाच उपग्रह पाडला तेव्हा मी शाळेत पेढे वाटले होते, आजही वाटीन. चीनने 2007 मध्येच करून दाखवलं होतं, आपण किती दिवस नुसतं बघत बसायचं?

पण पुढचं कोणी ऐकूनच घेत नाही. डिसेंबर 2022 मध्ये युनोत ठराव आला, क्षेपणास्त्राने उपग्रह फोडायच्या चाचण्या करणार नाही असं देशांनी कबूल करावं म्हणून. 155 देश बाजूने, चीन-रशिया विरोधात, भारत तटस्थ. त्यानंतरच्या 26 जानेवारीला गावात भाषणात मी म्हटलं की आपण हो म्हणायला पाहिजे होतं. फौजेतून रिटायर झालेले माझे सख्खे मामा पहिल्या रांगेत होते, ते उठलेच. "काहून रे बाबू, चीननं बंदूक ठेवली काय खाली? मंग आपणच काहून ठेवाची?" माईक माझ्या हातात, समोर पोरं बसलेली, उत्तर माहीत होतं पण मामांचा चेहरा बघून तोंडातून शब्द निघेना, आणि ते टोपी घालून निघून गेले. पोळ्याला पाया पडायला गेलो तर मामीने चहा दिला, मामा आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत.

मामा, बंदूक खाली ठेवा म्हणतच नाही मी. ती आपल्याकडे आहे हे जगाला कळलंय, आता परत फोडून दाखवायची गरज नाही एवढंच. चीनच्या त्या एका चाचणीत साधारण 865 किमीवर 3000 च्या वर तुकडे झाले, त्यातले बरेच अजून फिरताहेत, आणि आपल्या पिकांवर नजर ठेवणारे रिसोर्ससॅट उपग्रह जवळच, 817 किमीवर आहेत. तू माझा फोड, मी तुझा फोडतो, ही धमकी तिथे कशी चालेल, कचरा तर दोघांच्याही वाटेत येतो. शत्रूला रोखायचं तर फोडून त्याला काही मिळूच नये, एका मोठ्याच्या जागी पुष्कळ छोटे उपग्रह ठेवा, एक गेला की दुसरा सोडायची तयारी ठेवा.

(आमच्या सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत एप्रिल 2022 ला आभाळातून पडलेली ती धातूची मोठी रिंग यात कृपा करून आणू नका, ती चिनी रॉकेटची असावी असं जाणकार म्हणतात, अस्त्राशी तिचा संबंध नाही.)

आता मामांचा मुद्दा. असा ठराव कायद्याने कोणालाच बांधत नाही, जे नाही म्हणाले त्यांना तर नाहीच, आणि उपग्रहाचे सिग्नल अडवणारं जॅमिंग, त्याला आंधळं करणारं लेझर तर त्यात आलेच नाहीत. हे मला खोडता येत नाही. तरी आपलं मत बाजूने पडायला हवं होतं, हे मी मामांसमोर परत म्हणेन, फक्त त्यांनी दार उघडावं.