यवतेश्वरच्या घाटातील 70 सेकंद

दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात, माझ्याकडे सायकलिंग शिकणाऱ्या एका मुलीच्या चाचणीत मी स्टॉपवॉच थांबवले, तेव्हा त्यावर 16 मिनिटे 40 सेकंद दिसत होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्याआधी, याच मुलीने हाच टप्पा 15 मिनिटे 30 सेकंदांत चढला होता. मधल्या चार महिन्यांत तिने एकही सराव चुकवला नव्हता, त्या सकाळी वारा नव्हता, रस्ता कोरडा होता आणि कासच्या फुलांसाठी येणाऱ्या गाड्यांची गर्दीही कधीच ओसरली होती. म्हणजे सबब सांगायला काहीच जागा नव्हती, असे मला वाटले आणि ती सायकलवरून उतरायच्या आतच मी तिला म्हणालो, "आज तू चाचणी द्यायला नाही, फिरायला आली होतीस."

हे वाक्य बोलण्यामागे माझ्या मते पुरावा होता. तिच्या छातीवरच्या पट्ट्याने हृदयाचे सर्वाधिक ठोके मिनिटाला 164 दाखवले होते आणि जूनच्या चाचणीत तोच आकडा 178 होता. ठोके चढले नाहीत, अर्थात तिने जोर लावलाच नाही, असा सरळ हिशेब मी मांडला. तिने वाद घातला नाही. दमणूक 10 पैकी किती, या माझ्या ठरलेल्या प्रश्नाला तिने "साडेनऊ, सर" एवढेच उत्तर दिले. मग मी दिलेल्या चिक्कीचे वेष्टन ती फाडू लागली, पण तिच्या बोटांना ते फाटेना. बोटांची टोके पांढरी पडली होती. ऑक्टोबरातल्या त्या हवेत मला घाम आला होता आणि ती सायकल चालवून आल्यावरही स्वेटर मागत होती.

चहाच्या टपरीवर बसून मी तिची नोंदवही उघडली. आमच्याकडे प्रत्येक जण रोज सकाळची नाडी, झोपेचे तास, सरावाची मिनिटे आणि दमणुकीचा आकडा लिहितो. मिनिटे आणि तो आकडा यांचा गुणाकार केला की त्या दिवसाचा भार निघतो. ही रीत अमेरिकेतील व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी रूढ केली आणि तिला वहीपेन्सिलीपलीकडे काहीही लागत नाही. भार वाढला असेल तर तो मिनिटांमुळे वाढला की दमणुकीमुळे, हे पाहायचे असते, आणि नेमके तेच मी सहा आठवडे पाहिले नव्हते. तिची मिनिटे जवळपास तेवढीच होती. मात्र लिंब फाट्यापर्यंतच्या ज्या सपाट फेरीला ऑगस्टमध्ये तिने 5 लिहिले होते, त्याच फेरीला ऑक्टोबरमध्ये तिने 8 लिहिले होते. काम तेच राहून त्याची किंमत वाढत गेली होती. जोर लावण्याची इच्छा शाबूत असूनही ठोके वर चढत नाहीत, ही आळसाची नव्हे तर खचलेल्या शरीराची खूण असते, हे मी स्वतः इतरांना शिकवत आलो आहे.

घाटातून खाली आल्यावर आम्ही नेहमीच्या धान्याच्या दुकानात गेलो. आमच्याकडे पॉवर मीटर, म्हणजे पायडलवरची ताकद वॉटमध्ये मोजणारे यंत्र, नाही, कारण तेवढ्या पैशांत एखाद्या नव्या मुलाची साधी रेसिंग सायकल येते. त्यामुळे आम्ही पोती तोलायच्या काट्यावर सायकलस्वारासह सायकल उभी करतो आणि चढाच्या उंचीवरून वॉट काढतो. जूनमध्ये मुलगी 52 किलोची होती आणि सायकल, बूट, पाण्याची बाटली धरून काटा 64 दाखवत होता. त्या दिवशी त्याने 61 दाखवले. आमच्या टप्प्याचा चढ 220 मीटर आहे. 64 किलो 220 मीटर वर न्यायला सुमारे 1,38,000 जूल लागतात. त्याला 930 सेकंदांनी भागले की 148 वॉट येतात आणि टायरचे घर्षण, हवेचा विरोध, साखळीतला व्यय मिळवला की साधारण 185. नव्या वजनाने आणि नव्या वेळेने हाच हिशेब केला तेव्हा उत्तर 163 च्या आसपास आले. घाटात वजन घटले की फायदा होतो, हे खरेच आहे. जुन्या ताकदीवर ही मुलगी 3 किलो हलकी होऊन 15 मिनिटांच्या आत वर यायला हवी होती. ती आली 16 मिनिटे 40 सेकंदांत, म्हणजे तिने चरबीबरोबर इंजिनही विकून टाकले होते.

ते 3 किलो कसे गेले, हे तिच्या आईने फोनवर सांगितले. "सर, पोरगी भाकरीचा कोर सुद्धा मोडत नाही. सरांनी सांगितलंय म्हणते, घाटात एकेक किलो मोजावा लागतो." हे वाक्य मी जूनमध्ये, सायकलीच्या चाकांबद्दल बोलताना, सगळ्या मुलामुलींसमोर उच्चारले होते. तिने ते स्वतःला लावून घेतले. नवरात्राचे नऊ दिवस तिने उपवास केले आणि त्यातही पहाटेची तीन तासांची फेरी सोडली नाही. भगर आणि ताक एवढ्यावर ती निभावत होती. उपवासाला माझा विरोध नाही, माझ्या घरीही घट बसतात. पण सरावाचे वेळापत्रक लिहिताना पंचांग समोर ठेवायचे मला सुचले नाही, हा माझा दोष आहे.

शहरातील एका डॉक्टरबाईंनी मला हिशेब करून दाखवला तो असा. तीन तासांच्या फेरीत ही मुलगी सरासरी 110 वॉट लावत असेल, तर साधारण 1,200 किलोज्यूल काम होते, आणि सायकलवर केलेले किलोज्यूल व खर्च झालेल्या किलोकॅलरी हे आकडे जवळजवळ सारखेच येतात. चरबी वगळून तिचे वजन सुमारे 40 किलो. अशा प्रत्येक किलोमागे व्यायामाचा खर्च जाऊन निदान 30 किलोकॅलरी उरायला हव्यात आणि 45 उरल्या तर शरीराची बाकीची कामे नीट चालतात. म्हणजे लांब फेरीच्या दिवशी तिला 3,000 च्या आसपास लागत होत्या. तिने सांगितलेले जेवण मोजल्यावर बेरीज 1,900 वर थांबली. खर्च वजा जाता किलोमागे 17 किंवा 18 उरत होत्या. तुटवडा आला की शरीर आधी हाताला लागेल तो खर्च कापते: उष्णता, हाडांची डागडुजी, मासिक पाळी. या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये रेड-एस (खेळातील सापेक्ष ऊर्जा-तुटवडा) असे नाव दिले. त्याआधी ती केवळ मुलींचीच बाब मानली जात असे, परंतु वजनाच्या मागे लागलेले पुरुष सायकलपटूही तिच्यात सापडतात.

तीन महिने पाळी आली नव्हती, हे डॉक्टरबाईंनी विचारल्यावर पहिल्याच मिनिटात कळले. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन अवघे 11 निघाले. माझ्या वहीत टायरच्या हवेच्या दाबापर्यंत सगळ्या नोंदी होत्या, ही एक नव्हती. पुरुष प्रशिक्षकाने असा प्रश्न विचारायचा कसा, या संकोचापायी मी तो कधी विचारला नाही आणि दुसऱ्या कोणाकडून विचारून घेण्याची व्यवस्थाही केली नाही.

दोन आठवडे सायकल बंद, नंतर निम्मे अंतर, इंटरव्हल, म्हणजे थांबून थांबून जोराचे टप्पे, पूर्ण वर्ज्य, असे ठरले. डिसेंबरची निवड चाचणी सोडावी लागली आणि त्यावरून तिच्या काकांनी मला बरेच सुनावले; ते ऐकून घेण्याखेरीज मी काही करू शकत नव्हतो. दोन्ही वेळा भाकरी, डाळ, अंडी, झोपताना दूध आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या, एवढाच उपचार होता. सायकलवर तासाभराहून अधिक वेळ काढायचा असेल तर दर तासाला दोन केळी किंवा तेवढ्याच ताकदीचे राजगिऱ्याचे लाडू खिशात असल्याशिवाय तिला चौकातून सोडायचे नाही, अशी सूचना मी माझ्या सहकाऱ्याला दिली. मध्यम आकाराच्या एका केळ्यातून साधारण 25 ग्रॅम कर्बोदके मिळतात. सुरुवातीला ती लाडू तसेच परत आणत असे. "वजन वाढलं तर, सर?" या तिच्या प्रश्नावर मी दुकानातल्या काट्याचे दोन्ही आकडे आणि दोन्ही वेळा एका कागदावर लिहून दिल्या, तो कागद तिने वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला.

पाळी जानेवारीत सुरू झाली. फेब्रुवारीच्या चाचणीत काट्यावर तिचे वजन साडेएकावन्न भरले, ठोके 177 पर्यंत गेले आणि घड्याळ 15 मिनिटे 22 सेकंदांवर थांबले. जूनपेक्षा 8 सेकंद कमी, म्हणजे आठ महिन्यांच्या सरावाची कमाई तेवढीच. वहीत आता एक रकाना जास्त आहे. तो मी पाहत नाही; दर सोमवारी शारीरिक शिक्षणाच्या मॅडम सगळ्या मुलींच्या वह्या घेऊन बसतात आणि ज्या वहीत त्यांना खटकते, तिच्यावर लाल पेन्सिलीने टिंब करून ती माझ्या टेबलावर ठेवतात. गेल्या सोमवारी दोन वह्यांवर टिंब होते.