तुम्ही विचारलंत म्हणून: नवरा अमेरिकन फौजेत, मग व्हिसा लगेच मिळतो का?

माझा नवरा अमेरिकन आर्मीत, त्यामुळे साताऱ्यात गेले की हा प्रश्न ठरलेला. जावई अमेरिकन आर्मीत, म्हणजे व्हिसाचं काही बघायलाच नको, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. मुलींचेही मेसेज येतात: ताई, माझा होणारा नवरा तिकडच्या सैन्यात आहे, सुरुवात कुठून करू? म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

साताऱ्याच्या लोकांना असं का वाटतं, ते मला कळतं. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, जिथे घरटी फौजी सापडतो. इथे लग्न झालं की युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर निघते, बायकोचं नाव लागतं आणि पुढची कागदपत्रं युनिटमधून हलतात. अमेरिकन सैन्यही बायकोला मानतं. लग्नानंतर तिचं नाव डीअर्स नावाच्या नोंदणीत चढतं, ओळखपत्र मिळतं, ट्रायकेअर या सैन्याच्या आरोग्य योजनेतून औषधपाणी होतं. पण त्या ओळखपत्रावर तुम्हाला अमेरिकेत पाऊल ठेवता येत नाही. व्हिसा हा इमिग्रेशन आणि परराष्ट्र खात्याचा विषय, आणि त्यांच्या लेखी तुमचा नवरा आधी नागरिक, मग सैनिक. फ्रीमाँटमधला इंजिनिअर बायकोसाठी जो आय-१३० फॉर्म भरतो, तोच सार्जंटलाही भरावा लागतो.

सवलती आहेत, पण मोजक्या. साधा नागरिक बायकोला स्पॉन्सर करतो तेव्हा त्याचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के लागतं. नोकरीत असलेल्या सैनिकाला बायकोमुलांसाठी १०० टक्के पुरतं. नव्यानेच भरती झालेल्या पोराला हा फरक मोठा असतो. डिप्लॉयमेंट, म्हणजे मोहिमेवरची रवानगी, तोंडावर असेल तर ऑर्डर्स जोडून फाइल लवकर बघा अशी विनंती करता येते, आणि सैनिकांच्या कुटुंबांसाठी इमिग्रेशन खात्याची वेगळी हेल्पलाइन आहे. नवरा अजून ग्रीन कार्डवरच असेल तर मी म्हणेन, आधी त्याला नागरिक होऊ द्या. ११ सप्टेंबर २००१पासूनचा काळ कायद्याने युद्धकाळ धरला आहे, त्यामुळे सैनिकाला नागरिकत्वासाठी इतरांसारखी पाच वर्षं थांबावं लागत नाही. तो नागरिक झाला की ग्रीन कार्डवाल्यांच्या बायकांना ज्या व्हिसाच्या रांगेत थांबावं लागतं, तिच्यातून बायको बाहेर येते.

आता वाट कुठली निवडायची. के-१ हा वाग्दत्त वधूचा व्हिसा ऐकायला सोपा वाटतो: तिकडे जायचं, ९० दिवसांत लग्न करायचं. सैनिकाशी लग्न करणाऱ्या मुलीला मी तो सुचवत नाही. तिथे लग्न झाल्यावर ग्रीन कार्डचा अर्ज करायचा, आणि तो मंजूर होईपर्यंत वेगळी परवानगी काढल्याशिवाय देशाबाहेर पडलात तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. मधेच नवऱ्याला जर्मनीची किंवा कोरियाची पोस्टिंग आली, तर तो तिकडे आणि तुम्ही नवख्या गावात एकट्या. त्यापेक्षा लग्न आधी करा, इकडेच थांबा आणि ग्रीन कार्डाचा व्हिसा हातात घेऊनच निघा. वेळ जातो, विरह सोसावा लागतो, पण उतरता त्या दिवसापासून पायाखाली जमीन असते. म्हणून फॉर्म भरण्याआधी त्याला एकच विचारा: पुढच्या वर्षी तुझी पोस्टिंग कुठे असेल? नक्की सांगता येत नाही, असंच उत्तर आलं, तरी त्यावरूनही वाट ठरते.

लग्न इथे करायचं तर खरी गाठ पडते ती आपल्याच कायद्याशी. विशेष विवाह कायदा १९५४चा. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असलं पाहिजे. ती अट माहेरी राहणारी मुलगी पुरी करते. मग दोघांची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत लागते आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. अमेरिकन सैनिकाला रजा मिळते महिन्याला अडीच दिवस, म्हणजे वर्षाकाठी तीसच. सगळी रजा नोटिशीच्या फळ्याकडे बघत घालवायची का? नोटीस तीन महिने चालते. माझा नवरा ती देऊन परत गेला, युनिटचं ट्रेनिंग आटपून मुदतीच्या आत पुन्हा आला आणि आम्ही तीन साक्षीदारांसमोर सह्या केल्या. त्याच्या वरिष्ठांनी रजेचे दोन तुकडे मंजूर केले, हे आमचं भाग्य. तुम्ही ही गोष्ट त्याला आधीच युनिटमध्ये बोलून ठेवायला सांगा.

कागदांपैकी मला सगळ्यात जास्त फिरवलं ते जन्मदाखल्याने. आईवडिलांची नावं होती, तारीख होती, लिंग स्त्री. बाळाच्या नावाचा रकाना कोरा. आपल्याकडे बारशाआधीच नोंद व्हायची, त्यामुळे माझ्या पिढीतल्या कितीतरी जणींचे दाखले असेच आहेत. नाव भरून घ्यायला लागा, अगदी आज. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयातून काढायचं. आणि लग्न झालं म्हणून पासपोर्टवरचं नाव, मधलं नाव बदलायची घाई करू नका. फाइल एका नावाची आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाचा, असला घोळ निस्तरताना जीव जातो. मुलाखत मुंबईत, बीकेसीतल्या वकिलातीत. तिथे नवरा हजर असायची सक्ती नाही. मी एकटीच गेले होते.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. मला विचारणाऱ्या काही जणी त्या माणसाला कधीच भेटलेल्या नसतात. फोटो गणवेशातला, पोस्टिंग कुठल्यातरी युद्धभूमीवर, आणि रजा मंजूर करून घ्यायला पैसे हवेत. बाई गं, अमेरिकन सैन्यात रजा विकत मिळत नाही. सैनिकाच्या होणाऱ्या बायकोकडून कुणी रजेचा अर्ज भरून घेत नाही, की त्याच्या औषधपाण्याचे पैसे मागत नाही. ती कुणा खऱ्या सैनिकाच्या चोरलेल्या फोटोंवर चाललेली लूट असते. के-१चा कायदासुद्धा आधी हेच विचारतो: अर्ज करण्याआधीच्या दोन वर्षांत तुम्ही प्रत्यक्ष भेटलात का? भेट झाली नसेल तर एक रुपयाही पाठवू नका आणि सायबर पोलिसांकडे जा. लाज त्याला वाटू दे.

लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तिकडे पोचलात तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचंच असतं, आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत, कार्ड पुढे चालू ठेवण्यासाठी, आय-७५१ फॉर्म भरावा लागतो. ती तारीख त्याच्या डिप्लॉयमेंटच्या गडबडीत सुटू देऊ नका. उलट, ग्रीन कार्ड मिळाल्यावर नवऱ्याला परदेशी पोस्टिंग आली तर तिचा फायदा होतो: सोबत जाणाऱ्या बायकोला एरवीची तीन वर्षांची अट न लावता नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. मात्र अमेरिकन नागरिक झालात की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. तो निर्णय घरात बसून, शांतपणे घ्या.

शेवटी माहेरच्या आईवडिलांच्या काळजीचा मुद्दा. मुलींनो, तुम्हाला पुढे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ देणारं कार्ड, मिळेल; त्यांच्या जावयाला नाही. परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसाला भारत सरकार ओसीआय देत नाही. म्हणजे दिवाळी असो, कुणाचं आजारपण असो, त्याला दर वेळी व्हिसावरच यावं लागणार, आणि त्या अर्जात सैन्यात आहात का, हुद्दा काय, नेमणूक कुठे, हे सगळं भरावं लागणार. तेव्हा त्याच्या व्हिसाची मुदत संपत आली की लगेच नवा काढून ठेवा. माहेरचा फोन रात्री दोनला येतो, तेव्हा अर्ज भरत बसायला वेळ नसतो.