मंगळवेढ्याची माणसे आणि काकूंचे मत

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्यांतले बहुतेक आमच्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. ज्या ग्रामपंचायतीत गावाने आपले प्रश्न मांडायचे, तिच्याच कार्यालयात त्यांना कोंडून मारले गेले, हे मला आजही सहन होत नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. त्याने वेग कमी होतो, विश्वास ठेवण्याची घाई मात्र तशीच राहते.

गेल्या लोकसभा निवडणुकीत शेजारच्या काकूंना संदेश आला की, यादीत नाव नसले तरी आधार कार्ड दाखवून ‘चॅलेंज व्होट’ देता येते. हे साफ खोटे आहे. यादीत नाव असणे अनिवार्यच असते; आपल्या नावावर आधीच कुणी मतदान केले असेल, तरच ओळख पटवून प्रदत्त मत देता येते, तशी तरतूद १९६१ च्या निवडणूकविषयक नियमांत आहे. काकू भर उन्हात तासभर रांगेत उभ्या राहिल्या आणि केंद्रावरून परत पाठवल्यावर घामाने भिजलेला तो मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाल्या, “मुद्दाम कापलं बघ माझं मत.” संदेश खोटा असल्याचे मी त्यांना नियम दाखवून समजावले. त्यांनी ऐकून घेतले, पण तो संदेश पुसला नाही.