तुम्ही विचारलंत म्हणून: हो, मी शेवटपर्यंत बसले होते

आयर्लंड-ऑस्ट्रेलियाच्या त्या मिश्र नियमांच्या फुटबॉलचा विषय निघाला, की प्रश्न ठरलेला: "तुम्ही स्वतः कबड्डी खेळलेल्या, दोन मुलांच्या आई. ती मारामारी बघवली कशी? उठून का नाही आलात?" डब्लिनमधल्या मंडळींनी विचारून झालं, सांगलीहून दादानंही. आता एकदा लिहूनच टाकते.

आधी एक ऐका, ती नुसती मारामारी नसते. गेलिक फुटबॉल हा आयरिश लोकांचा स्वतःचा खेळ. या मिश्र खेळात गेलिक फुटबॉलवाल्यांना त्यांचा गोल चेंडू मिळाला आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉलवाल्यांना त्यांची धरून पाडायची पकड. जाळ्यात चेंडू गेला तर सहा गुण, आडव्या दांडीवरून तीन, बाजूच्या खांबांमधून एक. सौदा बरोबरीचा दिसतो, पण तसा नाही. चेंडू नवा असला तर हात आठवड्याभरात शिकतो. पडणं अंगात मुरायला वर्षं लागतात. कबड्डीत आम्हाला पकड शिकवण्याआधी पडायला शिकवलं, हनुवटी छातीला लावून. गेलिक फुटबॉलमध्ये धरून पाडायला परवानगीच नाही, त्यामुळे आयरिश पोरांना ते शिकवणार कोण? शिवाय ही पोरं हौशी, सोमवारी कामावर जाणारी. समोरचे मात्र व्यावसायिक.

हे सगळं मला आज कळतं. तेव्हा कळत होतं का? नाही. तेव्हा मी मैत्रिणींना पत्रं लिहायचे, "अगं, ही तर गवतावरची कबड्डी!" 2005 साली मेलबर्नच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या कर्णधाराला, ख्रिस जॉन्सनला, बाहेर काढलं, तेव्हाही मी लिहिलं होतं की एकाच्या डोक्यात राख गेली म्हणून खेळाला नावं ठेवू नयेत.

मग आलं 2006. दोन सामन्यांची मालिका, आयर्लंडमध्येच. गॉलवे शहरातला पहिला सामना आयर्लंडनं 48-40 असा जिंकला. त्यात आयर्लंडच्या ग्रॅहम गेराटीनं ऑस्ट्रेलियाच्या लिंडसे गिल्बीला गुडघा मारल्याचा आरोप झाला. मी तो सामना टीव्हीवर बघत होते. काय म्हणाले सांगू? "चालायचंच, गुडघा लागतो." तेव्हा आमची बाजू पुढे होती ना!

5 नोव्हेंबरला दुसऱ्या सामन्याला डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमवर गेले. ब्याऐंशी हजारांवर माणसं. खेळ सुरू होतो न होतो तोच हाणामारी. चेंडू कुठे आहे हेच दिसेना. आणि पहिल्याच सत्रात ऑस्ट्रेलियाच्या डॅनिएल पिअर्सनं गेराटीला धरून आपटलं. मी वरच्या कठड्याजवळ होते, आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं, पण माझी मान आपोआप आखडली. हात अडकलेला माणूस पडताना टेकणार कशावर? डोक्यावरच. तो हलेना. तो बेशुद्ध होता. स्ट्रेचर आलं. एवढ्या गर्दीत माझ्यामागच्या मुलाच्या चिप्सच्या पिशवीचा चुरचुर आवाज येत होता. गेराटीला इस्पितळात नेलं. पकड नियमातच बसत होती, असं ऑस्ट्रेलियाचं म्हणणं. एक जुनी कबड्डीपटू म्हणून मला आजही ठामपणे 'नाही' म्हणता येत नाही, आणि हेच मला सर्वांत जास्त टोचतं.

आयर्लंडचे प्रशिक्षक शॉन बॉयलन पहिल्या सत्रानंतर संघच मैदानाबाहेर न्यायच्या विचारात होते. तो विचार त्यांच्या मनात आला, माझ्या नाही. स्ट्रेचर बोगद्यात दिसेनासं झाल्यावर पुढच्याच ऑस्ट्रेलियनाच्या हातात चेंडू आला आणि मी उभी राहून ओरडले, "धर त्याला! आपट!" तेही मराठीत, म्हणजे भोवतालच्यांसाठी नव्हतंच ते. मागचा मुलगा माझ्याकडे बघतच राहिला.

तर उठून का आले नाही? तिकीट महाग होतं, गर्दीत वाट नव्हती, अशी उत्तरं मी तुम्हाला देत आले. खरं कारण, मला परतफेड बघायची होती. ती झाली नाही. आम्ही 69-31 असे हरलो.

2007 ची मालिका रद्द झाली. 2008 साली नियम कडक करून खेळ परत सुरू झाला आणि बराच निवळला. निवळला तशी मी कमी बघू लागले, हेही लिहूनच ठेवते. पण म्हणून "तुम्हाला रक्तच हवं होतं" असं कुणी म्हटलं, तर मी भांडेन. मला पकड हवी होती. कबड्डीतही चढाई करणाऱ्याचं तोंड दाबलं तर फाउल असतो, आणि त्यानं खेळ मिळमिळीत होत नाही. मग इथे सीमा कुठे आखायची? गुडघ्याच्या अलीकडे, हे मी आज म्हणते. गॉलवेच्या दिवशी म्हटलं नाही.

या मालिकेचा चषक टायरोन परगण्याच्या कॉर्मॅक मॅकनालनच्या नावाचा आहे. 2004 मध्ये तो झोपेतच गेला, हृदयविकारानं, अवघ्या चोविसाव्या वर्षी. आयर्लंडकडून हाच खेळ खेळलेला पोरगा. क्रोक पार्कमध्ये त्या दिवशी चषक ऑस्ट्रेलियानं उचलला, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"पुन्हा सामना झाला तर जाल का?" असंही विचारता. जाईन. धाकट्याला बरोबर नेईन का, ते मात्र विचारू नका.