वाळवीने खाल्लेला महिना नाशिकच्या वहीत सापडला

खापरपणजीच्या मृत्युतिथीचा महिना अखेर सापडला. राजापूरच्या घरातील मोडी चोपडीत तिच्या मृत्यूच्या नोंदीपैकी ‘शके १८१८’ आणि ‘व॥ ७’ (वद्य सप्तमी) एवढेच उरले होते; मधला महिना होता तेथे वाळवीने हरभऱ्याएवढे भोक पाडले होते. ज्या लिप्यंतरकारांना ते पान दाखवले, त्यांनी पानामागे चांगले घसघशीत पैसे घेऊन समासात ‘इ. स. १८९६’ असे लिहून दिले आणि मी ते वेदवाक्य मानले. त्या एका आकड्यापायी आठ महिने मी १८९६ सालच्या गावच्या मृत्युनोंदी चाळल्या. हाती काही लागले नाही.

गेल्या आठवड्यात नाशिकला रामकुंडाजवळ आमच्या तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे यात्रेला येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी वहीत जपणाऱ्या गुरुजींकडे गेलो. गाव आणि आडनाव सांगताच त्यांनी बासन सोडून वही पुढ्यात ठेवली. खापरपणजीच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या पणजोबांच्या, हातची ओळ त्यात होती. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, त्यामुळे ‘मुंबईहून’ कोठे संपते आणि ‘मातोश्रींच्या’ कोठे सुरू होते हे कळायलाच अर्धा तास गेला. शाई फिकटलेली होती. दिवा वरून न धरता पानाच्या कडेने आडवा धरला, तेव्हा बोरूचा दाब उमटला आणि ‘पौष’ वाचता आले. महागड्या भिंगापेक्षा साध्या विजेरीचा आडवा उजेड केव्हाही बरा, हे माझे मत आता पक्के झाले आहे. संवत्सराचे (साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाचे) नाव दुर्मुख दिले असून ते शके १८१८ शी जुळते, म्हणजे शकाबद्दल शंका उरत नाही.

चूक होती ती बेरजेत. शकात ७८ मिळवून इसवी सन मिळतो खरा, पण तो डिसेंबरअखेरपर्यंतच. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. जंत्री (जुन्या तिथी-तारखांचे कोष्टक) पाहिली, तर त्या शकातला पौष १८९७ च्या जानेवारीत पडतो. इसवी सन चुकला होता आणि ‘मुंबईहून’ या शब्दामुळे गावही चुकल्याचे, म्हणजे मृत्यू राजापूरला नव्हे तर मुंबईत झाल्याचे दिसले. मुंबईच्या मांडवीत सप्टेंबर १८९६ मध्ये सुरू झालेला प्लेग त्या महिन्यात शहरभर पसरला होता आणि चाकरमानी मिळेल त्या बोटीने कोकणात परतत होते. खापरपणजी मात्र मुंबईतच राहिली. प्लेगनेच गेली असे वहीत म्हटलेले नाही, म्हणून वंशावळीत मृत्यूच्या कारणाचा रकाना मी कोराच ठेवला आहे. 

गावच्या नोंदीसाठी तालुक्याला करायचा अर्ज आता रद्द. त्याऐवजी मुंबई महानगरपालिकेकडे जानेवारी १८९७ च्या मृत्युनोंदीसाठी अर्ज करणार आहे, कारण चोपडीत आणि वहीत ती अजून केवळ ‘मातोश्री’ आहे. तिचे स्वतःचे नाव कोठेही नाही.

एवढे लिहून झाल्यावर वहीचे छायाचित्र पुन्हा मोठे करून पाहिले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पणजोबांनी स्वतःच्या आजोबांच्या नावामागे ‘कै.’ लिहिले आहे, वडिलांच्या नावामागे नाही. म्हणजे तिचे पती तेव्हा हयात होते आणि ती सवाष्ण गेली. तसे असेल तर पितृपक्षातील तिचा दिवस सप्तमी नसून सवाष्ण गेलेल्यांसाठीची अविधवा नवमी ठरतो. आमच्याकडे मात्र आजवर तिथी माहीत नसल्यामुळे तिचे पान सर्वपित्री अमावास्येलाच वाढले जात आले. तरीही गावच्या घरी नवमीला दरवर्षी एक सवाष्ण जेवते. ती कोणासाठी, हे लहानपणी आत्याला विचारले तेव्हा ‘आपल्याकडे तशी रीत आहे’ एवढेच उत्तर मिळाले होते. ही रीत तिला कोणी सांगितली, हे विचारण्यासाठी आज रात्री आत्याला फोन करतो आहे.